भास होतात, मेंदू तपासला का?

आयुष्यभर शांतपणे नोकरी केलेला, पंचावन्नच्या घरातला माणूस एके दिवशी सांगू लागतो की, शेजारचे लोक भिंतीला यंत्र लावून आपले बोलणे ऐकतात. चार दिवसांनी तो बायकोच्या हातचे जेवणही नाकारतो, कारण त्यात विष आहे अशी त्याची खात्री झालेली असते. घरात पहिली चर्चा होते ती ‘कोणी काही करणी केली असेल का’ याची. दुसरी होते ती ‘टेन्शन’ची. मग अंगारा, लिंबू, एखाद्या भगताकडे खेप; तिथे उतार पडला नाही, तर जवळच्या दवाखान्यातून झोपेची गोळी. या साऱ्या धावपळीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : या माणसाचा मेंदू कोणी तपासला का?

वैद्यकात या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. नसलेले आवाज ऐकू येणे, नसलेली माणसे दिसणे हे भास. आणि कितीही समजावले, पुरावा दाखवला तरी न हलणारा चुकीचा समज म्हणजे भ्रम. ही दोन्ही लक्षणे मिळून माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटतो. मात्र सायकोसिस हे लक्षणाचे नाव आहे, आजाराचे नव्हे. कावीळ झाली म्हणजे डोळे पिवळे झाले इतकेच कळते. कारण विषाणू आहे, पित्ताशयातला खडा आहे की दारूने खराब झालेले यकृत, हे शोधावे लागते. सायकोसिसचेही तसेच. बहुतेक रुग्णांत त्यामागे स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार किंवा तीव्र नैराश्य असते. पण काही रुग्णांत कारण मेंदूतली गाठ, रक्तस्राव, पक्षाघात, जंतुसंसर्ग, सूज किंवा जुना मार यांपैकी काहीतरी असते. बाहेरून दिसणारे वागणे सारखेच, उपचार मात्र पूर्ण वेगळे.

मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली, यावर लक्षणांचा रंग बऱ्याच अंशी ठरतो. कानशिलामागच्या टेम्पोरल भागातल्या गाठीमुळे किंवा तिथून उठणाऱ्या फिटमुळे जळका वास येणे, आवाज ऐकू येणे, पूर्वी कधीच न पाहिलेली जागा ओळखीची वाटणे असे अनुभव येतात. कपाळामागच्या फ्रंटल भागात हळूहळू वाढणारी गाठ माणसाचा स्वभावच बदलते. कुणी लाजलज्जा सोडून वागू लागतो, कुणी दिवसभर नुसता बसून राहतो, आणि घरचे त्याला आळशी किंवा उदास समजतात. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना आपली बायको, आपला मुलगा हे खरे नसून त्यांचे रूप घेतलेले परके लोक आहेत, असे वाटते. फ्रेंच डॉक्टर कॅपग्रा यांनी १९२३ साली या विलक्षण भ्रमाचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याआधी वर्षभर, १९२२ साली, लेर्मिट या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरांनी मेंदूच्या देठाजवळ इजा झालेल्या एका वृद्धेची हकिगत लिहून ठेवली होती. संध्याकाळ झाली की तिला खोलीत प्राणी आणि माणसे दिसत.

एकेका जागेचे असे वर्णन करता करता विज्ञान आता पुढे गेले आहे. मेंदूचे भाग तारांच्या जाळ्याप्रमाणे एकमेकांशी जोडलेले असतात. २०१५ साली बोस्टनमधील संशोधकांनी दाखवले की, वेगवेगळ्या ठिकाणी इजा असूनही सारखेच भास होणाऱ्या रुग्णांत त्या इजा एकाच जाळ्यावर येतात. गावाची वीज कोणत्या खांबावर तुटली हे वेगवेगळे असू शकते, अंधार मात्र त्याच वाडीत पडतो, तसे हे आहे. म्हणूनच मेंदूच्या चित्रात दिसणाऱ्या डागाचा आकार किती, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या वाटेवर बसला आहे, हे पाहावे लागते.

‘वेड’ म्हणून ज्याकडे पाहिले, त्यामागे मेंदूचा आजार निघाला, असे इतिहासात अनेकदा झाले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत असे कितीतरी रुग्ण असत, ज्यांना आधी आपण राजे, सेनापती असल्याचे भ्रम होत, मग हातपाय लुळे पडत आणि काही वर्षांत मृत्यू येई. १९१३ साली नोगुची आणि मूर या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले. पुढे पेनिसिलिन आले आणि एका पिढीत या आजाराने भरलेले वॉर्ड रिकामे होऊ लागले. त्या रुग्णांचे नशीब किंवा चारित्र्य बदलले नव्हते. कारण सापडले होते, एवढेच.

कारण वेळेत न सापडल्याचेही उदाहरण आहे. विख्यात अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांना १९३७ साली जळक्या रबराचा वास येऊ लागला. असह्य डोकेदुखी, चक्कर आणि विचित्र वागणे सुरू झाले. जूनमध्ये त्यांना रुग्णालयात दाखल केले गेले. पण ठोस काही न सापडल्याने ‘बहुधा हिस्टेरिया’ असा शेरा मारून घरी पाठवण्यात आले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते बेशुद्ध झाले. शस्त्रक्रियेत मेंदूच्या उजव्या टेम्पोरल भागात मोठी गाठ आढळली आणि ११ जुलै रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या काळी कवटी न उघडता मेंदू पाहण्याची सोपी सोय नव्हती, हे खरे. मात्र वास, डोकेदुखी आणि बदललेले वागणे या तिन्ही खुणा समोर होत्या.

ती सोय आली १९७१ साली. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन काढला गेला. यंत्र बनवणारे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना त्यासाठी १९७९ साली कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळाले. एमआरआयचे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ साली मिळाले. आज आपल्याकडेही दोन्ही यंत्रे आहेत. सीटी काही मिनिटांत होतो आणि रक्तस्राव, कवटीचे फ्रॅक्चर, मोठी गाठ, कॅल्शियम साचलेला जुना डाग चटकन दाखवतो. मात्र त्यात क्ष-किरण वापरले जातात. एमआरआयला साधारण अर्धा तास लागतो, क्ष-किरण लागत नाहीत आणि लहान गाठ, सूज, टेम्पोरल भागातला बारीक दोष त्यात अधिक स्पष्ट दिसतो. पेसमेकर किंवा शरीरात धातूचे काही बसवले असेल, तर ते आधी सांगावे लागते.

मग सायकोसिसच्या प्रत्येक रुग्णाचा स्कॅन करावा का? यावर जगभरात मतभेद आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ साली सरसकट सर्वांचा स्कॅन करण्याची शिफारस नाकारली होती. खर्च आणि त्यातून होणारा लाभ यांचे गणित तेव्हा जुळले नव्हते. २०२३ साली ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात निरनिराळ्या १२ अभ्यासांतील सुमारे १,६०० रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या रुग्णांपैकी जवळपास सहा टक्के, म्हणजे दर अठरांमागे एकाच्या एमआरआयमध्ये निदान किंवा उपचार बदलावा लागेल असे काहीतरी सापडले होते. अठरांत एक हे प्रमाण थोडे म्हणावे की मोठे, हे ज्या घरातला तो एक असेल, त्या घराला विचारावे.

आपल्याकडे तर ही शक्यता डोळ्याआड करताच येत नाही. क्षयरोग आजही आपल्या वस्त्यांतला रोजचा आजार आहे आणि क्षयाच्या गाठी मेंदूतही होतात. पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस हाही आपल्याकडे फिटचे एक मोठे कारण आहे. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून हातांवर, पाण्यात, न धुतलेल्या भाजीवर येतात. त्यामुळे मांसाला कधीही न शिवणाऱ्या माणसालाही तो होऊ शकतो. हेल्मेटशिवाय दुचाकी चालवणाऱ्यांच्या डोक्याला होणारे मार, तरुण वयात येणारे पक्षाघात, एचआयव्हीमुळे मेंदूत होणारे संसर्ग, हे सारे त्यात धरावे लागेल. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत मेंदूच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणे हा आजारही भारतीय डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. डोकेदुखी, फिट आणि बदललेले वागणे घेऊन आलेल्या बाळंतिणीला ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंधाऱ्या खोलीत ठेवणे तिच्या जिवावर बेतू शकते.

म्हाताऱ्या माणसांचे एक उदाहरण तर प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे. आजोबा न्हाणीघरात घसरतात, डोक्याला किरकोळ लागते, सगळे विसरून जातात. तीन-चार आठवड्यांनी ते रात्री-अपरात्री उठू लागतात, घरच्यांवर चोरीचा आळ घेतात, मध्येच गुंगीत जातात. ‘वयोमानाने होते’ म्हणून दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साचलेले असू शकते. सीटीमध्ये ते दिसते, कवटीला लहानसे छिद्र पाडून ते काढता येते आणि अनेकदा माणूस पूर्ववत होतो.

स्कॅनसाठी धावण्याआधी काही धोक्याच्या खुणा मात्र सर्वांना ठाऊक हव्यात. आधी कोणताही मानसिक आजार नसताना चाळिशीनंतर पहिल्यांदा भास-भ्रम सुरू होणे, काही दिवसांतच झपाट्याने बिघाड होणे, आवाजांपेक्षा दृश्ये दिसण्याचे किंवा वास येण्याचे भास जास्त असणे, पहाटेची डोकेदुखी आणि उलट्या, फिट, एका बाजूच्या हातापायात अशक्तपणा, अडखळते बोलणे, बदललेली चाल, ताप, दिवस, वेळ, ठिकाण यांचे भान जाणे, घटकेत शुद्ध, घटकेत गुंगी, अलीकडे डोक्याला लागलेला मार, क्षय, कर्करोग किंवा एचआयव्हीचा इतिहास, आणि योग्य औषध योग्य मात्रेत देऊनही गुण न येणे. यांपैकी काहीही असेल, तर मेंदूचे चित्र काढणे टाळू नये. त्यातही ताप, फिट, गुंगी किंवा अशक्तपणा असेल, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

आता नाण्याची दुसरी बाजू. स्कॅन ‘नॉर्मल’ आला की अनेक घरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो आणि पाठोपाठ रुग्णावर आरोप होतो : ‘रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे हा नाटक करतो.’ हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत मेंदूतील पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात, हे १९७६ साली ब्रिटिश संशोधकांनी सीटीच्या मदतीने दाखवले होते. पण हा फरक समूहांचा आहे. एकेका रुग्णाच्या चित्रावरून स्किझोफ्रेनियाचे निदान आजही होत नाही. म्हणजे नॉर्मल चित्र असलेला रुग्ण तितकाच आजारी असतो आणि त्याला औषधांची तितकीच गरज असते.

इतकेच काय, मेंदूला प्रत्यक्ष सूज असूनही चित्र नॉर्मल येऊ शकते. २००९ साली न्यू यॉर्कमधील चोवीस वर्षांची पत्रकार सुझाना कॅहलन हिला अचानक भास-भ्रम आणि फिट सुरू झाल्या. तिचे स्कॅन नॉर्मल होते. अखेर डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितले. तिने सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागातच कोंबले. मेंदूची उजवी बाजू नीट काम करत नसल्याची ती खूण होती. पुढील तपासण्यांत एनएमडीए नावाच्या रिसेप्टरवर शरीरातील प्रतिपिंडांनीच हल्ला केल्याचे निष्पन्न झाले. २००७ साली डॉ. जोसेप डालमाउ आणि सहकाऱ्यांनी हा आजार ओळखला होता. तो तरुण स्त्रियांत जास्त आढळतो आणि काहींमध्ये त्यामागे अंडाशयातली गाठ असते. त्याच्या अर्ध्याहून अधिक रुग्णांत एमआरआयमध्ये काही दिसत नाही. ईईजी, पाठीतल्या पाण्याची तपासणी आणि प्रतिपिंडांची चाचणी यांवरून निदान होते. वेळेत उपचार मिळालेले बहुतेक रुग्ण सावरतात. कॅहलनही सावरली आणि तिने आपल्या आजारावर पुस्तक लिहिले. कोट्यवधींच्या यंत्रांना जे दिसले नाही, ते कागद आणि पेनने दाखवले, हे डॉक्टरांनीही विसरू नये.

उलट चूकही होते. चित्रात एखादा जुना, वाळलेला डाग किंवा जन्मापासूनची पाण्याची पिशवी दिसते आणि सारा दोष तिच्यावर ढकलला जातो. ‘मेंदूत गाठ आहे’ हे शब्द ऐकून कुटुंब हादरते, शहरोशहरी फिरते, कर्ज काढते. दरम्यान मनोविकाराची औषधे बंद पडतात. रिपोर्ट वाचून स्वतःच जंताच्या गोळ्या घेणारेही असतात. सिस्टिसर्कोसिसमध्ये देखरेखीशिवाय असे केल्यास मेंदूची सूज वाढू शकते. डाग दिसला म्हणजे कारण सापडले असे नाही. लक्षणे कधी सुरू झाली, डाग कोणत्या जागी आहे, तो ताजा आहे की जुना, हे सारे जुळवून मगच निर्णय करायचा असतो. आणि खरोखर इजा असली, तरी ती काढली की भ्रम गेला, असे दरवेळी होत नाही. पक्षाघातानंतरच्या किंवा जुन्या मारानंतरच्या सायकोसिसमध्ये मनोविकाराची औषधे दीर्घकाळ लागू शकतात. काही औषधांनी फिटची शक्यता वाढते, म्हणून त्यांची निवडही कारण कळल्यावरच नीट करता येते.

म्हणून प्रश्न यंत्रांच्या संख्येपुरता मर्यादित नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ नुसार सायकोसिसच्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांना उपचारच मिळत नव्हते. जे पोहोचतात, त्यांच्या वाट्याला अनेकदा अर्धीच तपासणी येते. आपल्याकडे मनाचे आणि शरीराचे उपचार वेगवेगळ्या आवारांत वाढले. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालये एकीकडे, सर्वसाधारण रुग्णालये दुसरीकडे. फिजिशियन म्हणतो, ‘हा मानसिक रुग्ण आहे’. मनोविकारतज्ज्ञ म्हणतो, ‘आधी मेंदूचा डॉक्टर पाहू दे’. आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन या दारातून त्या दारात फिरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ ने मानसिक आजाराच्या रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच समान वागणूक मिळण्याचा हक्क दिला आहे. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी लगेच निघतो. मग भान हरपलेल्याच्या मेंदूची साधी तपासणी का रेंगाळावी?

यासाठी फार मोठा निधी लागतो असे नाही. सायकोसिसच्या प्रत्येक नव्या रुग्णाची एकदा संपूर्ण शारीरिक आणि मज्जासंस्थेची तपासणी, साखर, सोडियम, थायरॉइड, बी-१२, एचआयव्ही, सिफिलिस यांच्या रक्तचाचण्या आणि स्कॅन करायचा की नाही याचा लेखी निर्णय, एवढे बंधनकारक करता येईल. राज्यातील अनेक जिल्हा रुग्णालयांत सीटीची सोय झाली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडून एमआरआयसाठी राखीव वेळ देता येईल. अस्वस्थ रुग्ण यंत्रात स्थिर झोपत नाही, म्हणून त्याचा स्कॅन महिनोन्‌महिने पुढे ढकलला जातो. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस भूलतज्ज्ञ उपलब्ध ठेवावा. स्कॅनच्या फॉर्मवर नुसते ‘वागण्यात बदल’ असे न लिहिता लक्षणे, कालावधी आणि शंका स्पष्ट लिहाव्यात. काय शोधायचे ते कळले, तर रेडिओलॉजिस्टलाही ते सापडते. फिजिशियन आणि मनोविकारतज्ज्ञ यांची आठवड्यातून एकदा संयुक्त ओपीडी झाली, तर नातेवाइकांच्या कितीतरी खेपा वाचतील. स्कॅनची तारीख मिळेपर्यंत उपचार मात्र थांबवू नयेत.

घरच्यांचेही काम आहे. लक्षणे कोणत्या दिवशी सुरू झाली, आधी ताप किंवा मार होता का, कोणती औषधे आणि व्यसने आहेत, हे वहीत लिहून न्यावे. फिट आली किंवा रुग्ण विचित्र हालचाली करू लागला, तर मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. रुग्णाला बांधून, मारून ‘भूत’ काढणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही ठणकावून सांगावे. कुठे जायचे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहे.

मेंदूतली गाठ वाढायला भगताच्या पुढच्या अमावास्येची वाट पाहत नाही, तशीच सरकारी फायलीचीही. पहिल्यांदा भान हरपलेल्या माणसाची मनोविकाराच्या अंगाने आणि मेंदूच्या अंगाने, दोन्ही बाजूंनी, एकाच आठवड्यात तपासणी होणे हे जिल्हा पातळीवर आज शक्य आहे. आरोग्य खात्याने तसे लेखी आदेश काढावेत आणि त्यांची अंमलबजावणी होते का, हे दर महिन्याला तपासावे.